सर्वांनी हॉलमध्ये जमावे

४ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प चार दिवस उशिरा, पण पक्का. यापुढे ब्रिटिश डिटेक्टिव्ह सिरियल नुसत्या बघायच्या नाहीत. अभ्यास करायचा. ती जुन्या काळातली मोठमोठी घरं, त्या हॅट, ते पाइप, चहात कालवलेलं विष. खुनी शेवटी इन्स्पेक्टरने सांगायच्या आत आपण ओळखायचा.

नाही तरी इतकी वर्षं विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासतोय. समोरचा थापा मारतोय हे मला खुर्चीतून न उठता कळतं. साहेबांना हे पटत नाही. साहेबांना बरंच काही पटत नाही.

आजचा एपिसोड: लेडीबाई लायब्ररीत मेलेल्या सापडल्या. माझा अंदाज: बटलर. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, नवरा असणार. निघाला नवरा. योगायोग.

८ जानेवारी
पाद्रीबाबांच्या बहिणीला शेरी वाइनमधून विष. माझा अंदाज: डॉक्टर. सारखा हसत होता. बायको म्हणाली, तिचा नवरा. मी शांतपणे समजावलं की बाई गं, नवरा बुडून मेलाय, पहिल्याच सीनमध्ये सांगितलं. ती म्हणाली, प्रेत दाखवलं का? शेवटी बंगल्यातला माळी खोटी दाढी काढतो आणि काय, नवराच! याला बुद्धी म्हणत नाहीत, नशीब म्हणतात, हे मी बायकोला स्पष्ट सांगितलं. तिने मान डोलावली. पटलं असावं.

त्या एवढ्याशा गावात दर आठवड्याला एक मुडदा पडतो, तरी लोक हौसेने राहायला येतात. त्यांच्याही विम्याचे क्लेम कोणीतरी पास करत असेल. त्या माणसाबद्दल मला आदर आहे.

एक तक्रार. बायको नेमकं महत्त्वाचं चालू असताना बोलते. आज बटलर जिना उतरत होता तर हिचं सुरू, अहो, तुमच्याशी जरा बोलायचंय, हॉस्पिटलच्या लॅबमधून असं कळलंय की वगैरे. मी बोट वर केलं. बोट वर म्हणजे गप्प, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

१३ जानेवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, एका बाईंचा फ्रिज जळाला, त्यांना 'घटनेच्या वेळी तुम्ही नक्की कुठे होता आणि ते सांगणारा साक्षीदार कोण' असं विचारायचं काय कारण? मी म्हटलं, साहेब, त्यांच्या चपलेला चिखल होता. साहेबांनी कपाळाला हात लावला. पुढचा आठवडाभर मला फक्त फायलींना टॅग लावायचे आहेत. मोठ्या माणसांना वरिष्ठांचा त्रास असतोच. सिरियलमधल्या इन्स्पेक्टरलाही आहे.

१९ जानेवारी
घोडागाडीतून उतरताना उमरावाचा खून. अंदाज: घोडेवाला. चूक. घोडेवाल्याचा जुळा भाऊ. म्हणजे चेहरा माझा बरोबरच होता.

बायको मध्येच पुन्हा. पोस्ट निघालीय, इंटरव्ह्यू आहे, देऊ का? मी म्हटलं, दे, दे, काय ते दे. कोणाला काय द्यायचं होतं ते विचारायचं राहिलं.

बायको एके काळी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन माणसाचं काय बिनसलंय ते सांगायची. कन्या झाल्यावर मीच म्हटलं, कशाला ती दगदग. तेव्हापासून घरी सुखात आहे.

२ फेब्रुवारी
घरात काहीतरी शिजतंय. स्वयंपाकाखेरीज.

क्लू पहिला: फोन आला की बायको बाल्कनीत जाते. मी टीव्ही बघत असतो म्हणून जाते असं तिचं म्हणणं. अलिबी, म्हणजे सबब, जरा जास्तच चोख आहे.
क्लू दुसरा: तिचा लॅबमधला जुना पांढरा कोट कपाटाच्या तळातून निघून, धुऊन, कडक इस्त्री होऊन खुंटीवर.

डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं ठरवलं.

१० फेब्रुवारी
क्लू तिसरा: पलंगाखाली नवी सुटकेस. एकच. लहान.
क्लू चौथा: कॉलेजातून आल्यावर कन्या कुकर लावायला शिकतेय. शिट्टी झाली की दचकते.
क्लू पाचवा: बायकोने आज मला वॉशिंग मशीन कसं लावायचं ते दाखवलं. पांढरे कपडे वेगळे, रंगीत वेगळे. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे आजच का?

१४ फेब्रुवारी
सापडलं! अंघोळ करताना एकदम उजेड पडला.

८ मार्चला माझा वाढदिवस. पंचावन्नावा. ही मंडळी मला सरप्राइज पार्टी देणार. आणि नुसती नाही, डिटेक्टिव्ह सिरियलच्या थाटाची! पांढरा कोट म्हणजे बायको पोलिस डॉक्टर होणार. सुटकेसमध्ये बाकीचे पोशाख. कन्या स्वयंपाकाला हातभार लावणार. वॉशिंग मशीन हा मला गुंतवून ठेवायचा डाव.

बिचारे. कोणाच्या घरात कट करतोय याचा तरी विचार करायचा.

आपल्याला काही कळलंच नाही असं दाखवायचं, असा संकल्प.

२० फेब्रुवारी
मेहुणा येऊन आमची जुनी शेगडी आणि दोन पातेली घेऊन गेला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, भावजी, तुमचं खरंच मन मोठं आहे हो. मी नुसता हसलो. याला कुठला केटरिंगचा अनुभव? पार्टीत जेवणाचं अवघड दिसतंय.

संध्याकाळी कन्येने विचारलं, बाबा, आईने तुला सगळं सांगितलंय ना? मी डोळा मारला. ती गोंधळून आत गेली. पोरगी कच्ची आहे, चेहऱ्यावर सगळं दिसतं.

२४ फेब्रुवारी
एपिसोड अटीतटीचा. इन्स्पेक्टर लिफाफा फोडणार, तेवढ्यात बायको टीव्हीच्या आडवी येऊन उभी. मी जाऊ ना, चालेल ना तुम्हाला, नीट विचार करून सांगा म्हणे. मी म्हटलं, चालेल, चालेल, एकदम चालेल, आधी बाजूला हो. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग बाजूला झाली. तेवढ्यात खुनी सापडून गेला. कोण ते मला अजून कळलेलं नाही.

५ मार्च
पार्टीसाठी वेस्टकोट आणि हॅट घेतली. वेस्टकोटचं मधलं बटण लागत नाही. श्वास आत घेतला की लागतं. त्या दिवशी श्वास कमी घेईन.

८ मार्च, रविवार, दुपार
वाट कशाला बघायची? त्यांचा कट आपणच आधी उघड करायचा. फ्रिजवर चिठ्ठी लावली: आज सायंकाळी सहा वाजता सर्वांनी हॉलमध्ये जमावे. मेहुण्यालाही फोन केला. तो म्हणाला, येणारच होतो, सामान न्यायला. न्यायला की आणायला! घाबरला की माणूस चुकतो.

८ मार्च, सायंकाळ
सगळे जमले. सिरियलमधल्यासारखी भिंतीतली शेकोटी नसल्यामुळे मी टीव्हीच्या स्टँडला टेकून उभा राहिलो. हॅट घातली. एकेक क्लू काढून समोर मांडला. कोट. सुटकेस. कुकर. मशीन. शेगडी. आवाजात चढउतार छान साधले. शेवटी बायकोकडे बोट करून म्हटलं, या घरात माझ्या पाठीमागे माझ्या वाढदिवसाचा कट शिजतोय!

टाळी नाही. मेहुणा पंख्याकडे बघत होता. कन्या म्हणाली, आई, तू तर म्हणालीस सांगितलंय. बायको म्हणाली, तीनदा सांगितलंय. पहिल्यांदा बटलर जिना उतरत होता. दुसऱ्यांदा घोडागाडी होती. तिसऱ्यांदा तर समोर उभी राहिले, विचार करून सांगा म्हटलं, हे चालेल म्हणाले.

हॉस्पिटलची लॅब आहे. दुसऱ्या शहरात. राहायला खोली मिळालीय. उद्या सकाळची गाडी.

मी विचारलं, मग तो कोट? म्हणाली, अंगाला अजून बसतो. तुमच्या वेस्टकोटचं बटण मात्र काढून ठेवा, तुटेल.

केक होता. छोटा. कन्येने आणलेला. बायकोने माझ्या ताटात मोठा तुकडा वाढला. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

क्लू सगळे बरोबर होते हे नोंदवून ठेवतो. निष्कर्षात किंचित फरक.

संकल्प: उद्या स्टेशनवर तिला सरळ सांगायचं, जाऊ नको. किंवा निदान, करमणार नाही मला. दोन्हींपैकी एक नक्की.

९ मार्च
स्टेशन. ती खिडकीशी बसली. म्हणाली, डबा दुपारी गरम करून घ्या, पांढरे कपडे वेगळे लावा. आणि मग म्हणाली, तुम्हाला काही म्हणायचंय का?

म्हणायचं होतं. थांब जरा, सांगतो, या अर्थी मी बोट वर केलं.

तिला त्या बोटाचा एकच अर्थ माहीत. ती गप्प बसली. गाडी सुटली.

१० मार्च
मशीन लावलं. सगळे कपडे गुलाबी झाले. साहेब ऑफिसात शर्टाकडे बघून काही बोलले नाहीत. एवढा समंजसपणा त्यांच्यात कधी आला?

१४ मार्च
एपिसोड: मोठ्या घरातून बायको गायब. नवरा बिचारा हॅट हातात घेऊन सगळीकडे शोधतोय. माझा अंदाज: ड्रायव्हर. सवयीने बाजूला वळून बघितलं. कन्या क्लासला गेलेली.

टीव्ही बंद केला आणि बायकोला फोन लावला. मागे मशीनची घरघर, कोणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारत होतं. म्हटलं, एक बाई गायब झालीय, सांग बरं कोणामुळे. पुढचं काही न ऐकता म्हणाली, नवरा. आणि हसली. मग म्हणाली, या महिन्यात येणं जमणार नाही, सुट्टी नाही, चालेल ना?

या वेळी शब्दन्‌शब्द ऐकला होता. म्हटलं, चालेल.