तीन रंगांची शाई आणि तितिरचे कान

मी, भवतोष भट्टशाली, वय सत्तावन्न, शाळेतला संस्कृत शिक्षक. बुद्धी जेवढी होती तेवढी शाबूत आहे, कुणाचे दडपण नाही, आणि सकाळपासून चहाखेरीज काही प्यायलेलो नाही. अशा अवस्थेत हे मृत्युपत्र लिहितो.

१. बँकेतली ठेव पत्नी मंदिरा हिची. तिच्याच काटकसरीने ती साठली. मी फक्त सही करायला जात असे.

२. कोश व व्याकरणे शाळेने न्यावीत. वाळवीच्या आधी पोहोचल्यास बरे.

३. बालविकासाच्या पुस्तकांवर चर्चा करणारे आमचे मंडळ वीस वर्षे दर रविवारी माझ्या बैठकीत भरते. पुस्तकाची एकच प्रत घरोघर फिरते. समासात डॉक्टर प्रणवेश गुहठाकुरता लाल, बालवाडीच्या अतसीदीदी हिरव्या आणि मी निळ्या शाईने लिहितो. वाचतो मात्र जो तो आपलीच शाई.

‘उशिरा बोलणारी मुले’ या प्रकरणावर आम्ही सात महिने भांडलो. माझी चार वर्षांची मुलगी तितिर तेव्हा त्याच खोलीत मुकाट खेळत असे.

“टॉन्सिल!” डॉक्टर म्हणत.

“तुम्हाला मुलात घशापलीकडे काही दिसतं का हो, डॉक्टरबाबू? पोरीला खेळायला सोबत नाही!” अतसीदीदी.

मी श्लोक पाठ करून घ्या म्हणत होतो.

अखेर मंदिराने पुस्तक ओढून एक समास सलग वाचला. लाल: डावीकडून हाक मारल्यास वळत नाही. हिरवा: गोष्टीला उजवा कान पुढे करून बसते. निळा: शब्दांचे शेवट खाते.

“तिघांनी मिळून बरोबर लिहिलंय,” ती म्हणाली. “वाचलं कुणीच नाही.”

तपासणीत निघाले: डावा कान पूर्ण बंद, उजवा अर्धा. पोरीचे ते सात महिने माझ्या माथी राहावेत.

४. ती प्रत आणि बैठकीची खोली तितिरची. मंडळाला तिथे बसू द्यावे की हुसकावे, हे तिने ठरवावे.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा कायदा आहे. म्हणून साक्षीदार मंडळातले हेच दोघे. श्राद्धाच्या मिठाईतला एक जलभरा संदेश तेवढा मिळेल. डॉक्टरांना अर्धा, मधुमेह आहे.

“भवतोषदा, ही लबाडी आहे! आणि रविवारी आम्ही जायचं कुठे?” हे वाचून दाखवताच डॉक्टर.

“जन्मात पहिल्यांदा काहीतरी विचार करून केलंत,” अतसीदीदी मला म्हणाल्या. पण खुर्ची त्यांनीही घट्ट धरली होती.

एकोणीस वर्षांच्या तितिरला तिथेच विचारले. “बसू देत,” ती म्हणाली. “पण माझ्या उजव्या बाजूला. आणि एकेकाने बोलायचं.”

हे सहावे कलम समजावे.

चंदननगर, ९ फेब्रुवारी २०२०
भवतोष भट्टशाली (निळी शाई)

साक्षीदार:
प्रणवेश गुहठाकुरता (लाल)
अतसी पत्रनवीस (हिरवी, डॉक्टरांची सही पुरी होईतो गप्प बसल्या)