नाव पटलं नाही

४ मार्च
मास्तरांनी आज पुन्हा परत पाठवलं! ‘नाव पटलं नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.’ झालं, दुपारभर लिहून लिहून भांडलो. ते दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात, मी इथे घरात. कधी भेट नाही, फोन नाही. मास्तर हे नाव मीच ठेवलंय. माझा कोड तपासतात आणि फंक्शनच्या, म्हणजे कोडमधल्या एकेक काम करणाऱ्या तुकड्याच्या, नावावरून जीव खातात. ‘नाव वाचून काम कळलं पाहिजे. लोक नावावर विश्वास ठेवतात.’
मजा आली!

६ मार्च
ताईचा फोन. ‘दिवसभर करतेस तरी काय?’ म्हटलं, प्रोग्रामर लोकांच्या कामाची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवणारं सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या फंक्शनांना नावं ठेवते. ‘नावं ठेवायचे पैसे मिळतात? मग आपल्या आत्याचा एव्हाना बंगला झाला असता!’ खूप हसलो. फोन ठेवला आणि घर पुन्हा गप्प.

७ मार्च
आज नाव चांगलं होतं. मास्तरांचं उत्तर — ‘ठीक.’ संपला दिवस. नंतर तोंड उघडलं ते फक्त भाजीवाल्याशी, तेही ‘पिशवी नको’ एवढंच.
खरं सांगायचं तर हल्ली मी मुद्दाम वाकडी नावं ठेवते. मास्तरांनी भांडावं म्हणून. स्वतःचीच लाज वाटते, पण काय करू? दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणीतरी बोलतं.

११ मार्च
आज मोठा गळ टाकलाय. जपून ठेवायचे राहिलेले बदल कायमचे फेकून देणारं फंक्शन. त्याचं नाव मास्तरांनीच मागे सुचवून ठेवलंय — डिसकार्ड. ‘फेकायचंय ना? मग फेकतो म्हणा की सरळ, लाजता कशाला?’ मी ठेवलं टायडी! म्हणजे आपलं आवरून ठेवतंय बिचारं. आता बघा कसे उसळतात. भांडून झालं की बदलेन. सोमवारी आवृत्ती बाहेर जाते, त्यानंतर नाव बदलता येत नाही — वापरणाऱ्यांचे प्रोग्राम मोडतात.

१२ मार्च
‘चालेल.’
एवढंच! टायडी चालेल? मास्तरांना?

१३ मार्च
कंटाळले असतील माझ्या पोरकटपणाला. कळलं असेल सगळं. दिवसभर स्क्रीनवरच्या त्यांच्या नावाकडे बघत बसले. जेवायलाही सुचलं नाही. नाव बदलायचं तर त्यांना विचारायला हवं, आणि विचारायची हिंमत नाही.

१४ मार्च
आमचं सॉफ्टवेअर आधी वापरून बघणाऱ्या टेस्टिंगवालीचा फोन, आवाज रडवेला. ‘मला वाटलं टायडी म्हणजे नीट आवरून ठेवेल! सकाळपासूनचं सगळं काम गेलं गं माझं!’
करायला गेले गणपती नि झाला मारुती. तिची माफी मागितली, आणि मग, काय ही माझी जीभ, म्हणाले, ‘पण मास्तरांनी पास केलं होतं ते.’
‘त्यांचं लक्ष तरी आहे का कामात? मागच्या आठवड्यात आई गेली त्यांची. घरात दोघंच होती. तुला माहीत नाही? रोज बोलता ना तुम्ही?’
रोज बोलतो! तीन वर्षं भांडतेय त्यांच्याशी, आणि त्यांना आई होती हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नाही कधी. इथे मीच एकटी, असं धरून बसले होते.

१५ मार्च
टायडी काढलं. डिसकार्ड केलं. खाली टीप लिहिली — ‘टायडी हे नाव मी मुद्दाम ठेवलं होतं. तुम्ही भांडावं म्हणून. चूक झाली. आईचं कालच कळलं, फार वाईट वाटलं.’ तीनदा पुसलं, चौथ्यांदा डोळे मिटून पाठवलं. आता ते नाव पास करतील आणि पुन्हा कधी एक अक्षर बोलणार नाहीत. बरोबरच आहे म्हणा. पण मला रडू येतंय.

१६ मार्च
मास्तरांचं उत्तर आलं! ‘डिसकार्ड हे नाव पटलं नाही. हे लिहून भांडण्यातलं नाही, फोनवरच भांडावं लागेल. आज वेळ आहे का तुम्हाला?’
अहो, नाव तुमचंच आहे ते!