ओंजळभर जास्तीचा गूळ

छावणी, औरंगाबाद
२७ डिसेंबर १९६३

प्रिय आवडास,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

इकडे यंदा थंडी बरीच आहे. तुझं ईस्टरचं कार्ड मिळालं होतं. नेहमीसारखं, ‘मी बरी आहे’ एवढंच. मिरजेला गेल्यापासून तेरा वर्षांत तू चौथा शब्द लिहिला नाहीस. मला त्याचा राग नाही. मुलींच्या वह्या तपासून तपासून मलाही कमी शब्दांचीच माणसं बरी वाटायला लागली आहेत.

मी अजून तिसरीलाच शिकवते. मुली बदलतात, पाढे तेच. शेजारच्या लक्ष्मीबाईंचा दमा वाढलाय, पण जिभेला काही झालेलं नाही. आपल्या दारातली बोर यंदा बहरलीच नाही.

नाताळ झाला. यंदा नानखटाईचे ट्रे भट्टीवर नेले नाहीत. करंज्या नाहीत, शंकरपाळे नाहीत. फक्त अनारसे केले. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणाल्या, यंदा कढई चढवू नका बाई. त्यांचं म्हणणं योग्यच होतं. का, ते पुढे लिहिते.

अनारशांची रीत तुला सांगायची म्हणजे कमालच, पण मला तिथूनच सुरुवात करावी लागणार आहे. बाबा देवगाव रंगारीच्या शाळेवर होते, तेव्हा आईने ही रीत तिथल्या वरच्या आळीतल्या द्वारकाबाईंकडून उचलली. त्यांच्या घरात पाऊल टाकायची आपल्याला मुभा नव्हती, म्हणून उंबऱ्याबाहेर बसून, बघून बघून. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवून कांडायचे, आणि गूळ तागडीत तोलूनच घालायचा. त्यांच्याकडे सासू पीठ मळायची आणि सून तळायची. आईने तेही तसंच उचललं. जिने मळलं तिने तळायचं नाही. आपल्या घरात मळणारी मी आणि तळणारी तू. खसखस वर ठेवून, झाऱ्याने तूप उडवत तू तळायचीस, तेव्हा वरची जाळी पाहायला बाबा पेपर सोडून चुलीपाशी यायचे. पिठाची तारीफ कुणी केल्याचं मला आठवत नाही.

आता पन्नास सालचा नाताळ. पोलीस अॅक्शनला दोन वर्षं झाली होती, आणि जालन्याचे शांतवन मास्तर आईबापांना घेऊन आपल्याकडे यायचे होते. त्यांनी आधी मला मागणी घातली होती, हे तुला माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. रविवारच्या उपासनेला देवळात तुझं गाणं ऐकलं आणि त्यांनी निरोप फिरवला. मोठी नको, धाकटी चालेल. आईने तो निरोप मला सांगितला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. मी म्हणाले, चांगलं झालं. आणि निवडत राहिले.

आवडा, आईने तोलून दिलेल्या गुळावर मी आणखी ओंजळभर गूळ किसून घातला. चुकून नाही. दार लावून, शांतपणे घातला.

पुढचं तू पाहिलंसच. पाहुणे समोर बसलेले, गरम अनारसे वाढायचे म्हणून तू कढईपाशी. पहिला तुपात सोडला आणि हसला. पार विरघळून पसरला, झाऱ्यात नुसता चुरा आला. दुसरा, तिसराही हसला. तुला वाटलं तूप जास्त तापलं, तू लाकडं ओढलीस, परत सारलीस. आणि आई सगळ्यांसमोर बोलून गेली, “हिच्या हातालाच बरकत नाय.”

मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. एक वाक्य बोलले असते तर भागलं असतं. आठवड्याने जालन्याहून नकाराची चिठ्ठी आली, आणि जानेवारीत तू नर्सिंगला निघून गेलीस. मास्तर माझ्याही वाट्याला आले नाहीत. येणारच नव्हते.

हे सगळं तुला कधीच कळलं नसतं. आता आईचं लिहिते.

पावसाळ्यापासून तिचे पाय सुजत होते. नोव्हेंबरात तिने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, नाताळ निघाला तर निघाला. पाच तारखेला सकाळी तिने मला जवळ बसवलं आणि माझं मनगट धरलं.

“आवडीला बोलाव,” ती म्हणाली. “तिचा हात चुकला नव्हता. पीठ चुकलं व्हतं. दुसऱ्या दिशी मी चाखून बघितलं. तुझं लगीन ठरंना, त्यात हे उघडं झालं तर तुला कोण करंल, म्हणून गप ऱ्हायले. आता तिला सांगून जाऊ दे मला.”

म्हणजे तिला तेरा वर्षं ठाऊक होतं. तेरा वर्षं ती माझ्या हातची भाकरी खात होती आणि काही बोलली नाही.

मी तारघरात गेले. फॉर्म भरला. खिडकीतल्या बाबूने हात पुढे केला, तेव्हा मी म्हणाले, एक शब्द चुकलाय, नीट करून आणते. आणि फॉर्म घडी करून पदरात बांधून घरी आले. आईला सांगितलं, तार गेली.

तू आली असतीस तर तिने तुला सांगितलं असतं, आणि मी समोर बसलेली असते. एवढीच भीती होती. यापेक्षा बरं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

त्या दिवसापासून तिने खाट दाराशी ओढून घेतली. टांगा थांबला की मान उचलायची. मला म्हणाली, तांदूळ भिजत घाल, ती येईस्तोवर पीठ मुरंल. मी घातले. रोज पाणी बदललं. गूळ तिने आपल्यासमोर तोलायला लावला, आणि मी किसून मळून होईपर्यंत माझ्या हातांवरची नजर हलवली नाही. पुढे रोज तुझी बाजू घ्यायची. रजा मिळाली नसंल. गाडी चुकली असंल. दवाखान्यात कुणाचं जास्त असंल. मी हो हो म्हणायचे. अजूनही तार करता आली असती. रोज करता आली असती.

सोळा तारखेला, सोमवारी दुपारी, तिने दाराकडची मान इकडे वळवली. म्हणाली, “नाय यायची ती. बरोबर हाय तिचं.” चारच्या सुमारास गेली. बाबांच्या शेजारीच ठेवलं आहे.

मंडळीत सगळ्यांना वाटतं की तार मिळूनही तू आली नाहीस. लक्ष्मीबाई तर मला पोटाशी धरून म्हणाल्या, बहीण कसली, दगड म्हणायचा. मी मान हलवली. तेही लिहून टाकते.

चोवीस तारखेला मुरलेलं पीठ काढलं आणि मीच तळायला बसले. मळलं मी आणि तळलंही मीच. आता रीत मोडली म्हणून रागवायला कोण आहे? एकही हसला नाही. जाळी अशी पडली की बाबा उठून आले असते. गाणी म्हणणारी पोरं यंदा सुतकाचं घर म्हणून दारावरून पुढे गेली. डबा तसाच भरलेला आहे. मला एकही गिळवला नाही.

थोडं पीठ बरणीत ठेवलं आहे, तुला पाठवावं असं वाटलं होतं. मग वाटलं, माझ्या हातचं पीठ तू पुन्हा का घ्यावंस? नाही पाठवत.

क्षमा मागत नाही. ती आईला मागता आली असती, पण तिला तर मी दाराकडे बघत ठेवलं. तू उत्तर लिहू नकोस. ईस्टरचं कार्डही आता आईसाठीच होतं असं समजते, ते बंद झालं तरी चालेल. फक्त एक मनात ठेव. तू आली नाहीस असं नाही. तुला कुणी बोलावलंच नव्हतं.

पत्रात तो फॉर्म घालते आहे. ‘आई आजारी. तुझी वाट पाहते. ताबडतोब ये.’ बावीस दिवस माझ्या पदराला होता, म्हणून घडीवर फाटला आहे. त्यातला एकही शब्द चुकलेला नाही.

सारजा