लटारूच्या पायाची मेंदी

सावली, माघ महिना, सन १९५५

ती. सौ. शकुबाईले लहान भाऊ लटारूचा हात जोडून नमस्कार (पायही जोडले असते, पण ते सध्या माझ्या हुकमात नाईत). तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? भाऊजींचा खोकला गेला का? सिरोंच्यात राहून तू आता पोरांवर तेलुगूत रागावतेस, असं ऐकलं. चांगलं आहे, आपल्या मराठीले तेवढाच आराम.

लटारूनं पायाले मेंदी लावली, त्याले बुढेपणी लगनाचं खूळ लागलं, असं तुले कोणीतरी पोचवलंच असेल. म्हणून खरं काय ते मीच लिहून राह्यलो. दिवाळीपासून माझ्या तळपायाची आग आग होते, जसं कोणी तापल्या तव्यावर उभं केलं. तलावात पाय सोडून बसलो, तर जाळेवाले म्हणे, भाऊ, तुमच्या पायानं मासोळ्या पळून राह्यल्या. काशाच्या वाटीनं तूप चोळलं, तर कुत्रा पाय सोडेना (गुण आला तो त्यालेच, चांगला जाड झाला). शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं ईचारलं, खाता काय? मी छाती फुगवून सांगितलं, राईसमिलचा पांढराशुभ्र भात! (मोहल्ल्यात मिलचा तांदूळ सगळ्यात आधी माझ्याच घरी आला.) तो म्हणे, "तेच तर! सारं सत्त्व कोंड्यात गेलं. या गोळ्या घ्या अन् उखळात कांडलेला तांदूळ खा." आता बाई, कोंडा खाल्ला आमच्या कोंबड्यांनी! तरीच त्यांचे पाय असे ठणठणीत.

पण कांडणार कोण? गिरजा म्हणते, मिलचा नाद तुमचा, मुसळही तुम्हीच धरा. (पोरगी माझ्यावर गेली.) मग शेजारची चंदाबाई, तिचा नवरा वारला ती, आपणहून मुसळ घेऊन आली. गोळ्यांचा गुण येईस्तोवर थंडावा म्हणून तिनंच मेंदी वाटून माझ्या दोन्ही पायांले लेप दिला. अन् नेमके तेव्हाच चामोर्शीचे गुणवंतराव आपल्या पोरासाठी गिरजाले पाहाले आले. यायचे होते बाजाराच्या दिवशी, आले एक दिवस आधी. मी खाटेवर पाय पसरून, नवरदेवासारखा!

गुणवंतराव दारातच थांबले. "काऊन हो लटारूभाऊ, लगन पोरीचं आहे का तुमचं?" त्यांची बायको तर बैलबंडीकडं परत निघाली. आतून गिरजाच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला. माय नसलेली पोर, तिचं जमत आलेलं बापाच्या पायापायी मोडलं तर मी तोंड कुठी लपवू? तसाच उठलो. सारवलेल्या अंगणात हिरवी पावलं उमटवत बंडीपुढं जाऊन उभा राह्यलो, अन् आग, मिल, कोंबड्या, सारं सांगून टाकलं. भीड ठेवली नाई.

गुणवंतरावांनी ऐकून घेतलं. मग हळूच जोडे काढले अन् बायकोकडं न पाहता म्हणे, "मी बी ओल्या फडक्यात पाय गुंडाळून झोपतो. यानं फरक पडते का?"

"पडते," असं म्हणत चंदाबाई उरलेली मेंदी घेऊन बाहेर आली. थोड्याच वेळात आम्ही दोघं इवाई, पोरीचा बाप अन् पोराचा बाप, एका खाटेवर, पाय हिरवे करून! ते पाहून त्यांची बायको जी हसत सुटली, ती हसतहसतच गिरजाच्या कपाळाले कुंकू लावून गेली. वैशाखात लगन आहे. ज्या पायांले गाव हसलं, त्यांनीच सोयरीक जमवली, हे भाऊजींले मुद्दाम सांगजो. आग आता पुष्कळ उतरली. पोरांले माझ्याकडून एकेक लाडाचा धपाटा.

तुझा, आता बराच थंड झालेला,
लटारू

ता. क. : लगनाआधी चांगली सवडीनं येजो.

ता. क. : लोकं म्हणतात ते सगळंच खोटं नाई. चंदाबाईनं माझ्याशी पाट लावाले होकार दिला आहे. वाघ दिसला तरी मी रस्ता सोडत नाई, पण गिरजाले हे सांगाची हिंमत होत नाई. तू येऊन सांग. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच.

ता. क. : आत्ताच गिरजा डोकावून गेली. म्हणे, एवढं लांब काय लिहून राह्यले? मी म्हटलं, आत्याले पायाचं कळवून राह्यलो. तर म्हणे, "अन् चंदामावशीले लुगडं कोणत्या रंगाचं, ते लिहिलं का?" आता तू काही सांगू नको, बाई. लुगडं हिरवं आणजो.