लुदमिलाने मागे ठेवलेले बटवे

१२ मार्च

लुदमिला गेली. ओल्द्रिखकडे — तिच्या गायनमंडळातला, जाड आवाजाचा. कपडे आणि शिवणयंत्र नेलं. बैठकीच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले मण्यांचे बटवे तसेच. "त्यांचं काय करू?" मी विचारलं. बायको घर सोडून चालली आणि मी हे विचारतोय!

"तुला हवं ते कर," म्हणाली.

१३ मार्च

लसणीचं सूप, पाव. जेवलो असं म्हणायला हरकत नाही.

२ एप्रिल

बटवे पाहवत नाहीत. संसार झाला एवढा, पण मला कधी हात लावू दिला नाही. "लोकांच्या तोंडात घालतोस ते हात." दातांचा डॉक्टर होतो मी, तिच्यापेक्षा जास्त वेळा हात धुतले असतील. आज सगळे उतरवून खोक्यात भरले. रविवारी नदीकाठच्या जुन्या बाजारात नेणार. जो घेईल त्याला देऊन मोकळा होणार.

६ एप्रिल

खोकं परत घरी.

बाजारात हेदविकाबाई म्हणून एक म्हातारी जुन्या पिशव्या विकते. बायकोने मागे ठेवलेत, म्हणालो. खोक्यात डोकावून तिने आधी मलाच झापलं. "टांगून ठेवले होते? अहो, ही काच आहे. स्वतःच्या वजनानंच दोरा तुटतो. आडवे ठेवायचे असतात." मग एकेक उचलून ओठांना लावला. काच गार लागते, प्लॅस्टिक नाही. तरी शंका राहिली तर मणी दातावर हलकेच घासून बघायचा म्हणे. मी म्हटलं, मी इथल्या लोकांचे दात आतून पाहिलेत, ते या कामाचे नाहीत. ती हसली. बहुतेक मीही.

"निम्मे फालतू आहेत," ती म्हणाली. "कुठले, ते तुम्ही शोधून आणा डॉक्टर. तुम्हाला काहीतरी काम हवंय, तोंडावर दिसतंय."

२० एप्रिल

दवाखान्यातलं भिंग शोधलं. बटवा उलटा करून अस्तराच्या फाटक्या कडेतून आत बघायचं. कापडावर मणी चिकटवलेले असतील तर बाजूला ठेवायचा. प्रत्येक मणी विणीच्या टाक्यात बसलेला असेल तर थांबून नीट बघायचं. जुने मणी बारीक, आणि एकसारखे नसतात — दातांसारखेच. दुपार कशी गेली कळलं नाही. लुदमिलाची आठवण आली ती थेट भांडी घासताना.

११ मे

खोक्याच्या तळाशी एक मळकट, राखाडी बटवा होता. पूल, दोन झाडं, मागे किल्ला. बाजारात हेदविकाबाईने त्याला भिंग लावलं. मग स्टुलावर बसली.

"असा विणताना सगळे मणी आधीच दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात. चित्रातल्या क्रमानं, उलटे. एक चुकला तर पूल कलतो." तिने बोटाने पूल दाखवला. सरळ. "पावणेदोनशे वर्षांचा तरी असेल. मला विकू नका, माझी ऐपत नाही. बायकोला माहीत आहे?"

नाही. लुदमिलाला लाल गुलाबांचा आवडायचा. तो मी पहिल्याच आठवड्यात बाजूला काढला होता — चिकटवलेला.

१२ मे

तुला हवं ते कर, असं तीच म्हणाली होती. विकावा आणि इटलीला जाऊन यावं. तिला शेवटपर्यंत कळू नये. दिवसभर हाच विचार केला, मजा आली. संध्याकाळी मजा संपली.

१५ मे

फोन केला. ओल्द्रिखने उचलला. त्याच्या सुरेल "कोण बोलतंय?"ला मी सुरात नसलेलं उत्तर दिलं आणि तिला बोलावलं. किल्ल्याचा बटवा मौल्यवान आहे, येऊन घेऊन जा, एवढंच सांगितलं.

१८ मे

आली. केस कापलेत. तिने बटवा दांडीला धरून उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खालून हात लाव." तिने लावला. मग मी टाके दाखवले, ओवणं समजावलं, पूल दाखवला. ती बटव्याकडे कमी आणि माझ्या बोटांकडे जास्त बघत होती.

"आणि गुलाबांचा?"

"डिंक आहे, लुदा."

तिचा चेहरा पडला. सांगायला नको होतं का? पण विचारलं तिनेच.

"तू विकला असतास तर मला कळलंही नसतं, ओता."

"मला कळलं असतं."

मऊ कापडात गुंडाळून दिला. जिना उतरताना ती तो तान्ह्या पोरासारखा धरून होती. मी वरून बघत होतो. पण तिची बस येईपर्यंत खिडकीत उभा राहिलो नाही.

८ जून

बाजारात बाहुल्यांच्या कपड्यांच्या टोपलीत एक सापडला. मुठीएवढा, निळा, विणलेला, एका कोपऱ्यात उसवलेला. मी शोधला, मीच ओळखला. हेदविकाबाईने भिंगातून बघून मान डोलावली.

"कुणासाठी घेताय?"

"माझ्यासाठी."

"चला, सुटलात," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

घरी येऊन पिठाचे गोळे, क्नेडलिक, उकडले, वर आंबट कोबी. पोटभर.

२२ जून

सकाळी लुदमिलाचा फोन. "मी परत येऊ का?" मार्चमध्ये हे ऐकायला मी काय वाट्टेल ते केलं असतं.

"नको," म्हणालो. ती बराच वेळ रडत होती. मी फोन ठेवला नाही. वाईट वाटलं — तिच्यासाठी.