डाव्या पायाची तपासणी

पुंडलिकनगर, औरंगाबाद
९ डिसेंबर २००८

प्रिय सरोजिनीस,

तुझ्या थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल. थंडी मात्र लई पडलीय.

माझा डावा पाय दुखतो हे तुझ्या कानावर आलंच असेल. रक्त कुठवर पोचतं ते बघायला काल तपासणी केली. हाताच्या शिरेत औषध टोचलं आणि मोठ्या कॅमेऱ्याखाली निजवलं. औषध रक्ताबरोबर जिथवर जाईल, तिथवर पडद्यावर उजेड! ते राहू दे, खरी गंमत पुढंच झाली.

निघताना तिथली पोरगी म्हणाली, "आजी, किरणं सोडणारं औषध अंगात आहे, आजचा दिवस गरोदर बाईपासून लांब राहा." आमची नातसून सहा महिन्यांची. झालं! मला मागच्या खोलीत बसवलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. सून दारातूनच विचारते, "आई, भाजी वाढू?" म्हटलं, "वाढ गं लांबूनच, सत्तरीत कावळा शिवलाय मला!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. ती गेली आणि मला रडू आलं. तुझी फार आठवण झाली गं.

गुलमंडीच्या घरात बाहेर बसायचे ते तीन दिवस म्हणजे आपली सुट्टी. ना चूल, ना सासूबाईंची हाक. नुसते सागरगोटे आणि गप्पा. मला एकटीला करमणार नाही म्हणून तू 'मलाही अडचण आलीय' असं खोटंच सांगून शेजारी येऊन बसायचीस.

त्या वर्षी महालक्ष्म्यांनाही तशीच आलीस. सोळा भाज्यांचा स्वयंपाक सासूबाईंवर पडला आणि तुझं खोटं उघडं झालं. केवढा तमाशा! पाहुण्यांसमोर तुला नाही नाही ते बोलल्या, महिन्याभरात तुम्ही वेगळे निघालात.

भांडेवाल्या चतुराबाईनं चहाडी केली असं तू आजवर समजतेस. तिनं नाही, सरोज. मी केली. सासूबाईंनी दरडावून विचारलं, "दोघींचं संगनमत ना?" मी भ्याले. म्हटलं, "मला काय माहीत? तीच खोटं बोलतेय." चाळीस वर्षं हे गिळून बसलेय.

आणि तपासणीचं अर्धंच लिहिलं वर. डाव्या घोट्याखाली पडद्यावर नुसता काळोख होता. येत्या सोमवारी पाऊल काढणार आहेत.

फोन करू नकोस. फोनवर 'जाऊ द्या वहिनी, जुनं झालं' म्हणशील, आणि मी सुटेन. तसं नको. सोमवारच्या आत ये. माफी मला दोन्ही पायांवर उभं राहून मागायचीय.

तुझी गुन्हेगार,
कालिंदी