तिसरा मजला, पाणी खाली

सोम. ६ जाने.
मुलींच्या वसतिगृहाचे समाधान-फॉर्म आज उघडले. जेवण बरं. वायफायला शिव्या, नेहमीच्याच. तिसऱ्या मजल्याच्या स्वच्छतेला मात्र पाचपैकी एक, एक, परत एक. प्राचार्य सरांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "तिसऱ्या मजल्याची बाई बदला."
बाई म्हणजे शांताक्का. मी इथं देखभालीच्या ऑफिसात रुजू झाले तेव्हा किल्ल्यांचा जुडगा कुठल्या खिळ्याला असतो, हे हिनंच दाखवलेलं. डबा तसाच परत नेला. सरांकडून पुढच्या फॉर्मपर्यंत मुदत मागून घेतली. दोन आठवडे.

मंगळ. ७
फॉर्म परत वाचले. एकीनं लिहिलंय, "तिसरा मजला, पाणी खाली." म्हणजे पाणी खाली गळतंय! सापडलं! आमचे प्लंबर बसवराज अण्णा, त्यांना दुसऱ्या मजल्यावर पिटाळलं. अख्खं छत ठोकून पाहिलं त्यांनी. ठणठणीत कोरडं. माझ्याकडे असं बघितलं की... जाऊ दे.

गुरु. ९
शांताक्काला जिन्यात गाठलं. दोन हातांत दोन बादल्या, धाप लागलेली. अण्णा माझ्या मागंच.
"आक्का, पाणी कुठं गळतंय गं?"
"गळाया आदी पाणी असाय नको व्हय? वर टिपूस न्हाय. खालनं चढवाय लागलंय."
"मग सांगितलं का नाहीस?"
"सांगितलं व्हतं की. तुमी म्हणला, बघते."
म्हटलं होतं. आठवतंय.
अण्णा एकदम हसायलाच लागले. "म्याडम, नीर खाली! पाणी संपलंय म्हणाय लागलीय पोरगी!"
कन्नड घरातली असणार. कन्नडात खाली म्हणजे रिकामं, संपलेलं. माझी सोय म्हणून बिचारीनं मराठीत लिहिलं. मी निपाणीची, दोन्ही भाषा पाजून वाढवलेली. बाजारात "खाली झालं" ऐकलं की बरोबर कळतं. ऑफिसच्या खुर्चीत बसले की शुद्ध मराठी वाचते!

शुक्र. १०
कारण सापडलं. दिवाळीच्या सुट्टीत टाकी धुताना तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करवला होता. मीच. नंतर अर्धाच उघडला गेला. सकाळी थोडं पाणी, पुढे नन्नाचा पाढा. अण्णांनी दोन आटे फिरवले. नळ आधी नुसताच फुरफुरला, मग असा सुटला की माझी साडी चिंब. पोरींनी टाळ्या पिटल्या. शांताक्कानं धारेत हात धरला तो काढेचना. मला हसू आणि रडू एकदम. किती दिवसांनी एवढा आनंद झाला!
सरांना सांगून टाकलं, चूक माझी, तिची नाही. "फॉर्म येऊ देत," एवढंच म्हणाले.

सोम. १३, भोगी
नवा फॉर्म. आकडे ठेवले, सरांना लागतात. त्यावर एक ओळ घातली: नेमकं काय होतं ते आपापल्या घरच्या भाषेत लिहा. कन्नड वाचायला अण्णा बसणार, चष्मा पुसून तयार आहेत.
शांताक्कानं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणली. फॉर्म उलटापालटा करून बघितला.
"ह्यो पोरींस्नीच व्हय? आमी काय नळ वापरत न्हाय?"
खरंच की! इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही. दिला तिलाही एक.

सोम. २०
पेटी गच्च. झाकण बसेना, वर पंचिंग मशीन ठेवलं. उद्या सरांसमोर उघडायची. सकाळपासून गुणगुणतेय, अण्णांनी दोनदा टोकलं.
शांताक्कानं तिचा फॉर्म पेटीत न टाकता माझ्या हातात दिला. आकड्यांना हात लावलेला नाही. शेवटी मोठ्या, वळणदार अक्षरात एकच ओळ:
"पाणी वर. बादल्या खाली."
रिकाम्या की ठेवून दिलेल्या, ते मी विचारलं नाही. गठ्ठ्यात सगळ्यात वर तोच ठेवणार आहे. सर कुठल्या भाषेत वाचतात, बघू.